महेंद्रचं दुखणं

(राजेगावजवळचं एक खेडं. आइतवारची सकाळ. अंगणात चैतराम मिस्त्री आणि बालाघाटच्या कॉलेजातून दोन दिवसांसाठी घरी आलेली त्याची मुलगी गीता. गीताची आई तुळसाबाई मागं परसात भांडी घासते आहे.)

चैतराम: हे सामान तुह्या सरानं देलं, का तू आपल्या मनानं घेऊन आली?

गीता: सरांनीच देलं, बाबा. राजेंद्र सरांनी. दोन लहान शीश्या, दोन सुया, स्पिरिटचा कापूस. म्हणाले, मायबापाचं रक्त आण, इथं लॅबमध्ये पाहू.

चैतराम: आमाले काय झालं? काल सांजलोक स्लॅबवर होतो मी. घमेले उचलत होतो.

गीता: तुमाले काही झालं नाही. पाहाचं आहे फक्त.

चैतराम: परीक्षेसाठी पाह्यजे काय? तसं असन तर घे. बोटच टोचाचं हाय ना.

गीता: परीक्षेसाठी नाही.

चैतराम: मंग?

गीता: सांगते. पण पूरी बात ऐका. बीच में उठून जाऊ नका.

चैतराम: बसलो हाय ना. बोल.

गीता: गेल्या हप्त्यात आमचा कॅम्प होता ना, लालबर्र्याच्या तिकडे.

चैतराम: हौ, फोनवर सांगतलं होतं. बसनं गेलते तुमी. पिकनिक.

गीता: पिकनिक नाही बाबा. फील्ड ट्रिप. पूरी क्लास, चोवीस जण. गावच्या शाळेच्या वरांड्यात टेबलं मांडाचे अन् लोकाइचं रक्त तपासाचं. सिकलसेलसाठी.

चैतराम: नाव ऐकलं. दवाखान्याच्या भिंतीवर लिहून राह्यते ते.

गीता: तेच. तर कॅम्पच्या चार दिवस आधी प्रॅक्टिकल होती. सर म्हणाले, लोकाइच्या बोटाले सुई लावाच्या आधी आपापल्या बोटाले लावून पाहा. तुमाले पण कळू द्या किती दुखते ते. माही जोडी मयुरीसंग होती. तिनं डोळे मिटून टोचलं, सीधा नखापाशी. पूरी लॅब हासली.

चैतराम: अन् तू?

गीता: मी चांगलं टोचलं. सर म्हणाले, गीताचा हात हलका आहे. मले इतकं चांगलं वाटलं होतं बाबा त्या दिवशी. मंग थेंब काचेवर घेतला, त्यात दवा टाकली, वरून बारीक काच ठेवली अन् चारी बाजूनं नखाची पॉलिश लावली. मयुरीच्या पर्समधली. हवा जाऊ नये म्हून. अर्धा घंटा तशीच ठेवाची, मंग मशीनखाली पाहाची.

चैतराम: काय दिसते?

गीता: गोल गोल दिसते. शर्टाच्या बटनासारखं. सगळ्याइचं तसंच दिसत होतं. माह्या काचेत इळे होते.

चैतराम: इळे?

गीता: धान कापाचा इळा कसा राह्यते, तसे. वाकडे, टोकदार. मले वाटलं, मयुरीनं काच बदलली. पुन्हा टोचलं. पुन्हा तेच.

चैतराम: तुले बिमारी हाय, असं सांगून राह्यली काय तू मले?

गीता: नाही, बाबा. घाबरू नका. मले काहीच नाही होणार. सरांनी मंग दुसरी टेस्ट करून पाह्यली, माह्यात अर्धं आहे. बिमार पडाले दोन्हीकडून यावं लागते, एक मायकडून, एक बापाकडून. मले एकच आलं.

चैतराम: मंग झालं तर. कायले इतकं लंबं सांगून राह्यली?

गीता: सरांनी इचारलं, घरी कोणाचे हातपाय दुखते काय. डोळे पिवळे राह्यते काय. लहानपणी कोणी गेलं काय. मी म्हणाली, नाही सर, कोणीच नाही.

चैतराम: बरोबर सांगतलं.

गीता: महेंद्रदादा...

चैतराम: हळू बोल. तुही माय मागंच हाय.

गीता: दादाचे डोळे पिवळे राहाचे, बाबा.

चैतराम: कावीळ होती. गावातल्या एका म्हाताऱ्यानं झाडपाला देल्ला होता, उतरली होती.

गीता: अन् पुन्हा आली. अन् पुन्हा. कावीळ वर्षातून चारदा नाही होत.

चैतराम: अकरा वर्स झाले, गीता. या घरात ते नाव कोणी काढत नाई. काहून काढून राह्यली तू?

गीता: कॅम्पमध्ये एक पोरगी आली होती. नऊ वर्षाची असन. आजीच्या लुगड्याले धरून. आजी म्हणे, इले काय तपासता, कामाच्या टायमालेच हिचे पाय दुखते, नाटकं करते. माह्या टेबलावर तिचा नंबर होता. मी तिचं बोट धरलं अन् इचारलं, कसं दुखते गं? तर म्हणे, वरून नाई दुखत. हाडाच्या आतमंदी कोणी खिळा ठोकून राह्यलं असं वाटते.

चैतराम: हाडाच्या आतमंदी?

गीता: दादा हेच म्हणे ना, बाबा? खिळा ठोकते असं?

चैतराम: खिळा नाई. हातोडी म्हणे तो. म्हणे, बाबा, तुमची हातोडी माह्या हाडात चालून राह्यली.

गीता: तुमाले याद आहे.

चैतराम: मिस्त्री माणूस मी. रोज हातात हातोडी घेतो. कशी याद राहणार नाई?

गीता: त्या आजीले मले सांगाचं होतं, आजी, हे नाटक नाही. पण मी सुई टेबलावर ठेवून देल्ली. मयुरीनं सांगतलं. मी बसच्या मागं जाऊन उभी राह्यली. सर आले, म्हणाले, काय झालं? तवा सांगतलं त्याइले. पूरं सांगतलं. सर म्हणाले, आता टेस्ट तर नाही होऊ शकत तुह्या भावाची, पण मायबापाची करू. दोघाइच्यात निघालं तर समज तेच होतं.

चैतराम: त्या पोरीचं काय झालं?

गीता: तिच्यात पूरं निघालं. तिले जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं. कार्ड बनलं, गोळ्या सुरू झाल्या.

चैतराम: चांगलं झालं.

गीता: बाबा, त्यात असंच राह्यते. चार दिवस एकदम चांगलं. खेळते, धावते. मंग एका दिवशी उठतच नाही. थंडी लागली, पाणी कमी पेलं, जास्त दमलं, की ते इळे नसीत जाऊन अटकते. तवा दुखते.

चैतराम: पूस महिना होता.

गीता: हौ.

चैतराम: सकाळी दव पडलं होतं. सायकलची सीट वली होती, मी धोतरानं पुसून देल्ली. तो खाटेवरून उठत नव्हता. बाबा, आज नका पाठवू शाळेत, म्हणे. आदल्या हप्त्यात दोनदा तेच केलतं त्यानं. मास्तरानं मले रस्त्यात थांबवून सांगतलं होतं, मिस्त्री, पोरगा शाळा चुकवते.

गीता: बाबा, राहू द्या.

चैतराम: आता काहून राहू देऊ? तूच काढलं. मी त्याले एक मारली. इथं, कानाखाली. म्हणलं, ऊठ. तो उठला. सायकल चालवत गेला. तुले मागं बसवून.

गीता: हौ.

चैतराम: दुपारी मास्तरानं फोन केला. छातीत दुखते म्हणे. गोंदियाले नेलं. तिसऱ्या दिवशी गेला. म्हणजे तो खरं बोलत होता.

गीता: तुमाले माहीत नव्हतं.

चैतराम: मी इचारलं ते सांग. खरं बोलत होता ना?

गीता: हौ, बाबा.

चैतराम: दरवेळी?

गीता: दरवेळी.

चैतराम: तुले काय वाटलं होतं, गीता? हे आयकून मले बरं वाटन?

गीता: मले वाटलं... तुमच्या मारण्यानं नाही गेला तो. रक्तामुळं गेला. हे कळलं तर तुमच्या डोक्यावरचं उतरन, असं वाटलं मले. बसमध्ये पूऱ्या रस्त्यानं तेच घोकत आली.

चैतराम: आतालोक मी म्हणत होतो, पोरगा खोटं बोलला, म्हून बापानं मारलं. कोणताही बाप मारते. पुढं नशीब खराब निघालं. त्याच्यावर मी जगलो एवढे वर्स. आता तू सांगून राह्यली, तो सांगत होता अन् मी आयकलं नाई.

गीता: तुमी ऐकलं असतं, बाबा.

चैतराम: काय माहीत.

गीता: मले माहीत आहे. तुमी खाटेवर बसले होते त्याच्याजवळ. पाय दाबून देत होते. तुमी म्हणणारच होते, राहू दे आज. मंग मी बोलली.

चैतराम: तू काय बोलली? तू काहीच नाई बोलली.

गीता: मी चुलीजवळ बसली होती. मी म्हणाली, बाबा, काल सांजच्याले तो बोरीवर चढला होता. मी पाह्यलं. खोटं बोलते. मंग तुमी उठले.

चैतराम: मले याद नाई.

गीता: हातोडी याद आहे, दव याद आहे, अन् हे नाही?

चैतराम: नाई म्हणलं ना.

गीता: तो सायकल नसता घेऊन गेला तर मले पैदल जा लागलं असतं. तीन किलोमीटर. अन् मले पैदल नव्हतं जाचं. म्हून बोलली मी. बस, तेवढ्यासाठी. जातानी उतार होता, तिथं मी म्हणाली, दादा, जोरात चालव. त्यानं चालवली. तवा तो मले म्हणाला, तू काहून सांगतलं वं? गुस्सा नाही झाला. फक्त इचारलं.

चैतराम: लेकरू होती तू.

गीता: तुमी आईले कधीच नाही सांगतलं. मी वाट पाहे. दरवेळी ती तुमाले बोले तवा मले वाटे, आता बाबा सांगन. आता सांगन. तुमी मान खाली घालून बसाचे.

चैतराम: सांगून काय झालं असतं? तिचं पोरगं गेलं होतं. ती कोणाले तरी बोलणारच होती. मले बोलली. मी मोठा माणूस हाय. तू नऊ वर्साची. तुले कसं झेपलं असतं?

तुळसाबाई: काय नाई सांगतलं मले?

चैतराम: काही नाई. तू भांडे घास.

तुळसाबाई: भांड्याचा आवाज कवाचा बंद झाला, ते तुमाले दोघाइले समजलं नाई काय?

गीता: आई...

तुळसाबाई: सरक. बसू दे मले.

गीता: आई, तू कुठून ऐकलं?

तुळसाबाई: इळ्यापासून. तू म्हणाली ना, रक्तात इळे दिसले. तवा मले वाटलं, पोरीले काही झालं. दाराआड येऊन उभी राह्यली.

गीता: मी सांगणार होती तुले.

तुळसाबाई: कवा? माह्या मैतीवर?

चैतराम: तुळसा, ते नऊ वर्साचं लेकरू होतं.

तुळसाबाई: मले माहीत हाय ते किती वर्साचं होतं. मीच जन्म देल्ला ना. तुमाले मी काय काय बोलली, सांगा बरं पोरीले.

चैतराम: जाऊ दे ते.

तुळसाबाई: गोंदियाहून येतानी गाडीत बोलली. पोरगं मांडीवर होतं माह्या. म्हणलं, तुमी मारलं माह्या लेकराले. मंग विहारात, साऱ्या समाजासमोर, वंदना झाली अन् मी पुन्हा तेच म्हणलं. माह्या भावानं याइची कॉलर पकडली होती, गीता. तवा पण हे काही बोलले नाई.

चैतराम: काय बोलू? पोरीचं नाव घेऊ?

तुळसाबाई: मले घरात येऊन सांगतलं असतं. एकटीले.

चैतराम: तू त्या टायमाले कशी होती, तुले याद नाई. तू अन्न खात नव्हती. गीता तुह्या अंगावर हात टाके तर तू हात झटके. मी पाहे. तवा सांगतलं असतं तर ही पोरगी तुह्याजवळ राह्यली नसती.

तुळसाबाई: हौ. झटके मी.

गीता: आई, मले बोल काही. जे बोलाचं ते बोल.

तुळसाबाई: तुले काय बोलू? तो झाडावर चढलाच होता ना आदल्या सांजच्याले?

गीता: चढला होता.

तुळसाबाई: मंग खोटं कोठी बोलली तू? तो पण खरं बोलला, तू पण खरं बोलली. इकडं ये. तुह्ये हात थंडे पडले.

गीता: आई, दादा लहान असतानी कसा होता? एकदम लहान. मले सरांसाठी लिहा लागते.

तुळसाबाई: चांगला होता. आठ महिन्याचा झाला अन् एका सकाळी पाह्यलं तर हाताचे पंजे सुजलेले. दोन्ही. भाकरीसारखे टम्म. पायाचे पण. हात लावला की कोकले. मी तेल लावलं, हळद लावली. आठ दिसानं उतरलं. मी कोणाले सांगतलं नाई. मले वाटलं, सासू म्हणन, लेकराकडं ध्यान नाई.

गीता: ते पण त्यातलंच आहे. आमच्या पुस्तकात फोटो आहे तसा. लहान लेकराच्या सुजलेल्या हाताचा.

तुळसाबाई: पुस्तकात?

गीता: हौ.

तुळसाबाई: माह्या लेकराचे हात पुस्तकात होते. अन् मी तेल लावत बसली.

चैतराम: आपल्याले काय माहीत होतं, तुळसा. कोण सांगणार होतं?

तुळसाबाई: गीता, एक इचारते. मन राखाले खोटं नको बोलू.

गीता: इचार.

तुळसाबाई: तवा कळलं असतं तर वाचला असता काय तो?

गीता: आई, तवा इथं टेस्ट पण...

तुळसाबाई: ते नाई इचारलं मी.

गीता: वाचला असता. शायद. रोज गोळी, पाणी भरपूर, थंडीत जपाचं, बुखार आला की लगेच दवाखाना. दुखलं तर असतंच त्याले, पण... सरांच्या ओळखीत एक बाई आहे, चाळीस वर्षाची. दोन लेकरं आहेत तिले.

तुळसाबाई: तेवीस वर्साचा असता आता.

चैतराम: हौ. चैतात तेवीस पूरे झाले असते.

तुळसाबाई: तुमी हिसाब ठेवता?

चैतराम: दरवर्सी.

तुळसाबाई: कधी बोलले नाई.

चैतराम: तू पण कोठी बोलली.

गीता: बाबा, अजून एक आहे. पुढच्या आइतवारी गोंदियाचे पाहुणे येऊन राह्यले ना.

चैतराम: हौ. सांगतलं हाय त्याइले.

गीता: त्या पोराचं रक्त पण पाहा लागन. त्याच्यात पण अर्धं निघालं तर मी नाही करत तिथं लग्न. पुन्हा तेच होईन.

तुळसाबाई: अशा घरात पाहुणे चहा पण पेणार नाईत, बाई. म्हणतील, पोरीत खोट हाय म्हून आमचं रक्त मांगून राह्यले. साऱ्या बिरादरीत होईन.

गीता: होऊ दे. मले कॅम्पमधल्या त्या पोरीचं तोंड दिसते, आई. आता मले माहीत आहे. माहीत असून कसं करू?

चैतराम: मी इचारीन पाहुण्याले.

तुळसाबाई: तुमी?

चैतराम: चहाच्या आधीच इचारीन. महेंद्रचं पण सांगीन. सांगतल्यावर बसले तर बसले, उठले तर रस्त्यालोक पोचवून येईन.

तुळसाबाई: तुमाले बोलता येईन काय त्याचं?

चैतराम: येईन नाई तर काय. आता इतकं बोललो ना. घे गीता, कोणतं बोट पाह्यजे?

गीता: हे, डाव्या हाताचं. तिसरं. मळ आहे त्यावर, थांबा, पुसते.

चैतराम: मळ नाई तो. सिमिट हाय. निघत नाई आता.

गीता: थोडं दुखन.

चैतराम: टोच.

गीता: ...बाबा, रक्तच नाही येऊन राह्यलं. चामडी किती जाड झाली तुमची.

चैतराम: जोरात टोच. तुह्या सरानं हात हलका म्हणलं, इथं हलक्या हातानं नाई होणार.

गीता: आलं. दाबून धरा. अजून दोन थेंब. झालं. कापूस लावून ठेवा.

तुळसाबाई: दिसलं काय त्यात काही?

गीता: असं नाही दिसत, आई. लॅबमध्ये न्या लागते. दोन-तीन दिवसानं फोन करीन.

तुळसाबाई: नुसतं लाल दिसते. जसं साऱ्याइचं.

गीता: आता तुह्यं दे. हात ढिल्ला सोड.

तुळसाबाई: माह्यं बिना दाबताच येईन. कालच इळ्यानं कापलं होतं... घे, घे. तू हासू नको, रडू पण नको. मी बसली हाय ना.

गीता: झालं. आता हा फॉर्म. सरांनी देला. दोघाइचा मिळून एकच आहे. नाव लिहिलं. गाव लिहिलं. बाबाचं वय?

चैतराम: पन्नास लिह.

गीता: आईचं?

तुळसाबाई: काय माहीत. याइच्यापेक्षा पाच-सहा कमी असन.

गीता: पंचेचाळीस लिहिते. बिमारी काही? नाही. पुढं आहे, लेकरं किती.

चैतराम: तुह्या मायले इचार.

गीता: आई, लेकरं किती म्हणून लिहू?

तुळसाबाई: दोन.

गीता: आई, खाली पुन्हा इचारलं आहे. आता हयात किती.

तुळसाबाई: तिथं एक लिह. पण पह्यले दोन लिह.